खराटा एका अंगानं झिजतो

मागच्या बैठकीत आपल्या एका कार्यकर्त्यानं मला सगळ्यांसमोर विचारलं, "तू हल्ली काळा घोडा-कुलाब्याच्या गॅलऱ्यांतून फिरतोस म्हणे. आपलं काय ठेवलंय तिथं?" मी गप्प बसलो. बैठकीपुढे शिष्यवृत्तीचा विषय होता, आणि चित्र-बित्र हा विषय आपल्यात नेहमी शेवटच्या पाच मिनिटांत येतो, चहा आला की. पण प्रश्न रास्त होता. घरी जाताना लोकलमध्ये तो डोक्यात घोळत राहिला. त्याचं उत्तर इथं लिहून देतो आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर पुढच्या अंकात झोडपा.

आधी भूगोल. सी.एस.एम.टी.ला उतरून दादाभाई नौरोजी रोडनं चालायला लागलं की सिद्धार्थ कॉलेजच्या इमारती लागतात. बाबासाहेबांनी १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज. तिथून हुतात्मा चौक. पुढे महात्मा गांधी रोडला एल्फिन्स्टन कॉलेज, जिथं बाबासाहेब स्वतः शिकले. त्याच्या समोरच्या फुटपाथला जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ सालची. जवळच काळा घोडा. ह्या घोड्यावर मूळ इंग्रजांचा राजा सातवा एडवर्ड बसला होता. १९६५ ला त्याला घोड्यासकट उचलून राणीच्या बागेत नेऊन ठेवलं. पन्नासेक वर्षं घोडा नसलेल्या जागेला लोक काळा घोडाच म्हणत राहिले. मग २०१७ ला नवा घोडा बसवला, ह्या खेपेला बिनराजाचा. तिथून रिगल सिनेमा ओलांडला की कुलाबा सुरू होतं, आणि ताजच्या मागल्या गल्ल्यांतून, जुन्या इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर धंद्याच्या गॅलऱ्या.

म्हणजे हा मुलुख आपल्याला परका नाही. बाप इथं शिकला आणि त्यानं इथंच कॉलेज बांधलं. शिवाय माझी आई ह्याच भागात, महापालिकेच्या ए वॉर्डात, सफाई कामगार होती. हे फुटपाथ तिनं झाडले आहेत. ज्या दारांविषयी मी लिहितोय त्यांच्या बाहेरची पायरी तिला पाठ आहे. आत काय आहे ते तिला रिटायर होईपर्यंत माहीत नव्हतं.

*

आता हा धंदा कसा चालतो ते सांगतो, कारण आपण कशाला विरोध करतो ते आपल्याला नीट माहीत असावं.

जहांगीर ही धर्मादाय संस्था आहे. तिथं चित्रकार भाडं भरून हॉल घेतो, आपली चित्रं टांगतो, आठवडाभर खुर्ची टाकून बसतो, आणि मुदत संपली की गाठोडं बांधून घरी जातो. तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. पण तिथं माणसांची वर्दळ असते. डोंबिवलीचा मास्तर असतो, कोर्टाच्या कामाला आलेला पक्षकार उन्हाला कंटाळून शिरलेला असतो, कॉलेजची जोडपी असतात. बाहेर फुटपाथला चित्रकार चित्रं मांडून बसतात, तुमचा चेहरा काढून देतात. इथं मला कधी संकोच वाटला नाही.

धंद्याची गॅलरी वेगळी. तिथं गॅलरीवाला चित्रकार निवडतो. भाडं तो घेत नाही. प्रदर्शनाचा खर्च करतो, पुस्तिका छापतो, गिऱ्हाईक आणतो, आणि विकलेल्या चित्राचे साधारण निम्मे पैसे स्वतःकडे ठेवतो. गिऱ्हाईक रस्त्यावरून येत नाही. ते ठरलेलं असतं, आणि पुष्कळदा प्रदर्शन उघडण्याआधीच चित्र विकलेलं असतं. विकलेल्या चित्राजवळ लाल टिकली चिकटवायची रीत आहे. किंमत भिंतीवर लिहीत नाहीत. ती विचारावी लागते. भाजीवालीसुद्धा पाटी लावते, इथं पाटी नाही, कारण ज्याला किंमत विचारायची हिंमत आहे तोच गिऱ्हाईक असं समजायचं.

ह्या धंद्याची मुंबईतली मुळं जुनी आहेत. केकू आणि खोरशेद गांधी यांनी १९६३ ला जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर केमोल्ड गॅलरी सुरू केली. त्यांचा मूळ धंदा फोटोच्या चौकटी बनवण्याचा. त्याच साली हुतात्मा चौकाजवळ पंडोल गॅलरी निघाली. त्या काळात घेणारेच थोडे होते. आता ह्या भागात गॅलऱ्या दाटीनं उभ्या आहेत, आणि जानेवारीत एका आठवड्याअखेरीला सगळ्या मिळून उत्सव करतात.

आता रक्कम ऐका. मकबूल फिदा हुसेन यांनी १९५४ ला काढलेलं 'ग्राम यात्रा' हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सव्वा तेरा कोटींहून जास्त... रुपये नव्हेत, एक कोटी साडेसदतीस लाख डॉलर्सना गेलं. आपल्या पैशांत एकशे अठरा कोटींच्या आसपास. लिहिताना माझाच गोंधळ झाला, तो तसाच ठेवलाय, म्हणजे आपली ह्या आकड्यांशी किती ओळख आहे ते कळेल. हे चित्र अनेक वर्षं नॉर्वेतल्या ऑस्लो शहरात एका हॉस्पिटलमध्ये टांगलेलं होतं. जवळजवळ चौदा फूट लांब, तेरा चौकटी, आणि चौकटींत भारतातलं खेडं. मी ते छापील रूपातच पाहिलंय. बायका आहेत, बैलगाडी आहे, शेतकरी उभा आहे. रंग तापलेले, रेषा खणखणीत. चित्र चांगलंच आहे, खोटं कशाला बोलू. हुसेन सिनेमाची पोस्टरं रंगवत मुंबईच्या रस्त्यावरून वर आलेला माणूस. धर्माच्या नावानं त्याला देशाबाहेर घालवणाऱ्यांच्या रांगेत मी उभा नाही. पण त्या तेरा चौकटींत मी एक गोष्ट शोधली आणि ती मला सापडली नाही: गावकुसाबाहेरची वस्ती. गाव आहे, वाडा नाही. स्वातंत्र्याला सात वर्षं झालेली, घटना लागू होऊन चार वर्षं झालेली, आणि देशाचं चित्र काढताना गावाची हद्द वेशीपाशीच संपते. एकशे अठरा कोटी देणाऱ्यालाही ती चौदावी चौकट आठवली नसणार.

*

"गॅलरी सगळ्यांना खुली आहे. तिकीट नाही. अडवतंय कोण तुम्हाला?" हे मला एका भल्या गॅलरीवाल्यानं विचारलं. खरंय. अडवत कोणी नाही.

पण आपल्याला हे वाक्य ओळखीचं आहे. १९२३ ला बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात पास झाला आणि सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले झाले. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, आणि तीन वर्षं एकाही अस्पृश्याची ओंजळ त्याला लागली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन काठावर उतरले तेव्हा ती लागली. मी गॅलरीला चवदार तळ्याची बरोबरी देत नाही. पाण्यावाचून माणूस मरतो, चित्रावाचून मरत नाही. पण कागदावर खुलं आणि पायाला खुलं ह्यात केवढं अंतर असतं हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

पहिल्यांदा मी ताजच्या मागल्या बाजूच्या एका गॅलरीत गेलो, तेव्हा जिन्याच्या तोंडाशी वॉचमननं विचारलं, "कुरिअर? खाली ठेव." माझ्या खांद्याला पिशवी होती, पायात चपला होत्या. मी म्हटलं, चित्रं बघायचीत. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कोणाला भेटायचंय?" नंतर बोलताना कळलं, तो चिपळूणकडचा, आपल्याच समाजाचा. त्याला मी दोष देत नाही. कोण वर जातो आणि कोण जात नाही हे ओळखायचाच त्याला पगार आहे, आणि त्यानं बरोबर ओळखलं होतं.

वर काचेचं दार, बेल. आतल्या पोरीनं बटन दाबलं, दार उघडलं. ती हसली, इंग्रजीत काहीतरी मदत हवी का म्हणाली. पुढे पंचवीस मिनिटं ती कॉम्प्युटरच्या आडून माझ्या पिशवीकडे बघत होती. तिथं एक शब्दही कुणी वावगा बोललं नाही. पूर्वी हाकलून देत, मग मोर्चा काढता येई. हसून दार उघडणाऱ्यावर मोर्चा कसा काढणार? मी भिंतीवरचा मजकूर वाचायला गेलो, सगळा इंग्रजीत. आणि ते इंग्रजी असं की ज्याला इंग्रजी येतं त्यालाही आपल्याला येत नाही असं वाटावं. महाराष्ट्राच्या राजधानीत, मंत्रालयापासून चालत वीस मिनिटांवर, मराठीचा एक कागद नाही.

घरी आलो आणि चिडून ह्याच पानांसाठी एक टिपण लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: अमूर्त चित्र म्हणजे भरल्या पोटाची ढेकर. संपादकांना ते फार आवडलं. तुमच्यापैकी काहींनी ते भाषणांतही वापरलं. त्या वाक्याचा हिशेब पुढे करायचाय.

*

गेल्या वर्षी एका गॅलरीत 'श्रम' ह्या विषयावर प्रदर्शन लागलं. गॅलरीचं आणि कलावंताचं नाव सांगत नाही. आडनाव सांगितलं तर तुम्ही आधी जात काढाल, आणि मला इथं खराट्याबद्दल बोलायचंय. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर साठेक खराटे ओळीनं टांगले होते, बांबूला बांधलेले, रस्ता झाडायचे. वरून एकेकावर उजेड सोडलेला. शेजारच्या कागदावर श्रम, अदृश्यता, प्रतिष्ठा, देह असे शब्द. मी बराच वेळ उभा राहिलो. खरं सांगतो, मला भरून आलं. वाटलं, माझ्या आईचा खराटा शेवटी ह्या भिंतीवर आला.

दुसऱ्या शनिवारी मी आईला घेऊन गेलो. ती तयार नव्हती. म्हणाली, "तिथं माझं काय काम? झाडायचं हाय का?" मग निळी काठाची साडी नेसली आणि निघाली. खाली वॉचमन होता तो तिला ओळखत होता. "मावशी, आज वर?" एवढंच म्हणाला आणि उठून उभा राहिला. तिनंही "पोरगं घेऊन आलंय बघ" असं सांगितलं, जशी तक्रारच.

आत गेल्यावर ती खराट्यांसमोर गेली. एक पाहिला, दुसरा पाहिला, वाकून तिसऱ्याचं टोक पाहिलं. मग मला म्हणाली, "हे समदे नवे हायेत."

मी म्हटलं, असतील, त्यात काय?

"आरं, खराटा एका अंगानं झिजतो. उजव्या हाताची बाई आसंल तर एका अंगानं, डावरी आसंल तर दुसऱ्या. पंधरा दिवसांत तिरका होतो. मंग आमी त्याला उलटा करून बांधतो. सुतळी टिकत न्हाई, सायकलच्या टूपची पट्टी लावतो. ह्ये तर दुकानातनं आणून तसंच टांगल्यालं हायेत. ह्यांनी रस्ता कधी बघितलाच न्हाई."

बस. एवढंच बोलली आणि पाणी कुठं मिळेल विचारलं.

मित्रांनो, मी समीक्षेची पुस्तकं वाचलीत. सत्यं शिवं सुंदरम् वर आपल्या लेखकांनी केलेले हल्ले वाचलेत, मार्क्सवाद्यांचं सौंदर्यशास्त्र वाचलंय. पण त्या साठ खराट्यांवरची ह्याहून चोख समीक्षा मी वाचलेली नाही. कागदावर लिहिलं होतं 'देह', आणि एकाही खराट्यावर देहाची खूण नव्हती. कोणाचा हात कुठल्या बाजूचा, कोणाची उंची किती, कोण वाकून झाडतं, कोण ताठ उभं राहून, हे सगळं वापरलेल्या खराट्यावर लिहिलेलं असतं. कलावंतानं साठ खराटे जमवले, पण साठ माणसं जमवायची राहिली. चौकीवर जाऊन जुने खराटे मागितले असते, बदल्यात नवे दिले असते, तर मुकादम शिव्या देऊन का होईना पण तयार झाला असता, आणि ती भिंत बोलली असती. त्या भिंतीवर नवा माल होता आणि आमच्या नावाची दया होती. मला भरून आलं ते दयेनंच, स्वतःच्या आईविषयीच्या. तिला ती दया दिसलीही नाही. तिला चुकीचा खराटा दिसला.

*

हे झाल्यावर आम्ही निघणार, तर आतल्या खोलीत दुसऱ्या कुणाचं एक मोठं चित्र होतं. त्यात माणूस नाही, घर नाही, काही नाही. वरून खाली उतरत जाणारा निळा रंग, वर काळपट आणि खाली राखेसारखा. माझ्या सिद्धांताप्रमाणे भरल्या पोटाची ढेकर. आई त्याच्यासमोर थांबली ती हलेना. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, "थांब की." मग म्हणाली, "पयल्या गाडीनं यायचो न्हवं हजेरीला, तवा समुद्राच्या अंगाला असंच दिसायचं. उजाडायच्या आदी. मानसं नसायची रस्त्यावर. बरं वाटायचं."

मी तीस वर्षं त्या बाईचा मुलगा आहे. तिला कामावर जाताना बरं वाटायचं असा एक क्षण होता हे मला माहीत नव्हतं. मी तिच्या आयुष्यात खराटाच शोधत आलो. आपली भाषणं, आपल्या कविता, आपली पोस्टरं, सगळ्यांत तिच्या हातात खराटा. आभाळ तिचं तिच्याकडेच राहिलं. त्या निळ्या चित्राच्या चित्रकाराला माझी आई माहीत नसणार, तिच्यासाठी त्यानं ते काढलेलं नाही. तरी ते तिला पोचलं, आणि तिच्या नावानं मांडलेले खराटे पोचले नाहीत. ढेकरीचं ते वाक्य मी मागे घेतो. भाषणांत वापरलं असेल तर तुम्हीही काढून टाका.

आता माझा खरा मुद्दा. गेल्या काही वर्षांत ह्या भिंतींवर आपली माणसं आली आहेत आणि त्याचा मला अभिमान आहे. नागपूरचे सवी सावरकर (आडनावानं बिचकू नका, माणूस आपला आहे) यांनी गळ्यात मडकं आणि पाठीला झाडू असलेला अस्पृश्य काढला, देवदासी काढल्या. त्यांच्या रेषेत कुठं गोडवा नाही. खरवडल्यासारखी रेषा. मडकं आणि झाडू तिथं शोभेला नाहीत, ती पेशवाईतली शिक्षा आहे आणि शिक्षेसारखीच दिसते. पुण्याच्या राज्यश्री गुडी यांनी दलित आत्मकथनांतले अन्नाचे, उष्ट्याचे, भुकेचे प्रसंग घेऊन त्यांचं पाककृतींत रूपांतर केलं. ही युक्ती मला फार मोठी वाटते. पाककृती वाचणाऱ्यालाच कामाला लावते: हे घे, असं कर. गॅलरीत आलेल्या खात्यापित्या माणसाला लांब उभं राहून हळहळायची सोय राहत नाही, त्याच्याच हातात ते उष्टं येतं. मुंबईचे विक्रांत भिसे आपला मोर्चा, आपली गर्दी, आपला निळा कॅनव्हासवर आणतात. अमोल के. पाटील यांनी चाळ आणि सफाई कामगार ह्या विषयावरचं काम २०२२ ला जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटापर्यंत नेलं. हे सगळे खराटा कुठल्या अंगानं झिजतो ते जाणणारे लोक आहेत.

पण बाजाराची चाल ओळखा. बाजार म्हणतो, या, भिंत देतो, मात्र येताना झाडू घेऊन या. मडकं घेऊन या, गटार घेऊन या, जखम दाखवा. २०१३ च्या कायद्यानं हातानं मैला साफ करायला लावणं गुन्हा ठरवलं, माणसं अजून गटारात मरतात, आणि गटाराचं चित्र मात्र दिवाणखान्यात चढतं. आपल्या एखाद्या पोराला उद्या नुसता निळा रंग काढावासा वाटला तर? वासुदेव गायतोंडे गिरगावच्या चाळीत वाढले आणि पुढे अमूर्त चित्रं काढली. त्यांना कोणी विचारलं नाही की बाबा, तुझ्या चित्रात चाळ कुठाय, चाळीतला संडास कुठाय. त्यांना नुसता रंग काढायचा हक्क होता, न मागता मिळालेला. तोच हक्क आपल्या पोराला हवा. आज तो त्याला दोन्हीकडून नाकारला जातो. गॅलरी म्हणते, ह्यात दलित काय आहे? आणि आपली बैठकही तेच म्हणते, ह्यात दलित काय आहे? बांधिलकीच्या नावानं आपण आपल्याच चित्रकाराच्या गळ्यात ते मडकं परत बांधायचं का?

*

मग तिथं आपलं काय ठेवलंय? ठेवलेलं काही नाही. चवदार तळ्याच्या पाण्यातही आपलं काही ठेवलेलं नव्हतं. बाबासाहेबांनीच सांगितलं होतं की ते पाणी प्यायल्यानं आपण अमर होणार नाही. आपण माणसं आहोत हे तिथं सिद्ध करायचंय. भिंतीवर आपलं चित्र लागणं ही अर्धी गोष्ट झाली. समोर उभं राहून हे बरोबर, हे चूक असं सांगायचा अधिकार ही दुसरी अर्धी, आणि ती आपण अजून घेतलेली नाही. दाखवायला आपण चाललो, पारखायला मात्र दुसरेच. बलुत्यातही धान्य आपण वाहायचं आणि माप पाटलाचं असायचं.

आणि पारखायचं तर आपल्या अंगणापासून सुरुवात करा. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात आपलाही चित्रांचा बाजार भरतो. तिथं किंमत तोंडावर सांगतात, घासाघीस होते, लाखो माणसं घरी प्रतिमा नेतात. एवढं मोठं लोकांचं प्रदर्शन देशात दुसरं क्वचित असेल आणि कला-समीक्षक तिथं फिरकत नाहीत, ही त्यांची लायकी. पण आपण तरी नीट बघतो का? बाबासाहेबांचा चेहराच ज्यात नाही असे प्लॅस्टरचे पुतळे, नुसता चष्मा आणि कोट म्हणून ओळखायचे. बुद्धाला नट करून टाकलेली कॅलेंडरं. साहेबांचं आहे म्हणून आपण बोलत नाही. १९६७ ला संसदेच्या आवारात उभा राहिलेला ब्र. वि. वाघ यांचा पुतळा बघा. त्या उभं राहण्यात वजन आहे, उंचावलेल्या हातात हुकूम आहे. मग आपल्या नाक्यावरचा बघा. वाईट पुतळा हा वाईटच, तो आपल्या पैशांनी उभा राहिला तरी. जो घरच्या प्रतिमेला हे म्हणू शकत नाही, तो कुलाब्यात जाऊन काय म्हणणार?

आता कार्यक्रम सांगतो, कारण कार्यक्रमाशिवाय लेख म्हणजे नुसती वाफ. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता बिनराजाच्या घोड्याखाली जमायचं. आठ-दहा जण पुरे. कपडे जे असतील ते. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला बरोबर आणायचं, ज्यानं हातानं काम केलंय. बेल वाजवायची. किंमत विचारायची, प्रत्येक चित्राची, न लाजता. मराठी मजकूर कुठाय हेही विचारायचं, दर खेपेला, ते कंटाळेपर्यंत. आवडलं तर का आवडलं आणि नाही तर का नाही हे बाहेर येऊन चहाच्या टपरीवर बोलायचं, आणि ते कोणीतरी लिहून ह्या पानांना द्यायचं. आणि जे. जे. मध्ये किंवा दुसरीकडे शिकणारी आपली जी पोरं आहेत त्यांची चित्रं बघायला जायचं, ती मोर्चाची नसली तरी.

त्या दिवशी निघताना दाराशी अभिप्रायाची वही होती. सगळी इंग्रजी: सुंदर, हेलावून टाकणारं, वगैरे. मी आईला म्हटलं, लिही. तिला सही येते, लिहायला वेळ लागतो. तिनं सांगितलं आणि मी लिहिलं, मराठीत: "खराटा एका अंगानं झिजतो. हे खराटे वापरलेले नाहीत. वापरलेले पाहिजे असतील तर चौकीवर मिळतील." खाली तिनं स्वतःच्या हातानं सही केली आणि मला सांगून पुढे लिहून घेतलं: निवृत्त सफाई कामगार, ए वॉर्ड.

काचेमागच्या पोरीनं वही वळवून वाचली. तिला मराठी येत होतं. ती उठली आणि आईला विचारलं, "चौकी कुठे आहे, मावशी?" आईनं तिला खिडकीतून हात करून गल्ली दाखवली.

पुढे तिथं कोणी गेलं का, ते अजून कळलेलं नाही. ह्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जाऊन विचारायचं आहे. या.

जयभीम.